दीड डॉलरची सीडी, चार जुलैचं गाणं

अमेरिकन कंट्री गायिका मार्टिना मॅकब्राइडची 'द वे दॅट आय ॲम' ही सीडी मी गेल्या हिवाळ्यात टेनेसीतल्या नॅशव्हिलमधल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून दीड डॉलरला घेतली. डबीची बिजागरी तुटलेली, आतल्या पुस्तिकेवर कुणाच्या तरी कॉफीचा डाग, पण तबकडीवर एकही ओरखडा नाही. अल्बम सप्टेंबर १९९३ चा, दहा गाण्यांचा. मी तो 'इंडिपेंडन्स डे' या एका गाण्यासाठी घेतला आणि हे परीक्षणही बरंचसं त्या एकाच गाण्याचं आहे, म्हणून बाकीच्यांबद्दल आधी सांगून टाकते.

सुरुवात 'हार्ट ट्रबल'नं होते. गिटार झणझणीत, ड्रमला त्या काळच्या ध्वनिमुद्रणातला घुमारा जरा जास्तच. 'माय बेबी लव्हज मी' हे अल्बममधलं सगळ्यात वर गेलेलं गाणं, बिलबोर्ड मासिकाच्या कंट्री यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत. आपला माणूस आपल्याला आहोत तशीच पसंत करतो, अशा खुशीत असलेल्या बाईचं ते गाणं आहे. 'लाइफ नंबर नाइन'ची चाल गाडी चालवताना छान वाटते. दोन-तीन गाणी कानावरून निघून जातात, पुन्हा लावावीशी वाटत नाहीत. पण आवाज असा की त्यासाठी कमकुवत गाणंही शेवटपर्यंत ऐकावं. मार्टिना कॅन्ससमधल्या शॅरन या छोट्याशा गावची, घरच्यांच्या बँडमध्ये गात वाढलेली. नॅशव्हिलला आल्यावर तिचा नवरा प्रसिद्ध कंट्री गायक गार्थ ब्रूक्सच्या कार्यक्रमांत ध्वनियंत्रणा सांभाळायचा आणि ही तिथेच टी-शर्ट विकायची. त्या आवाजात काय दडलं होतं ते 'इंडिपेंडन्स डे' लावल्यावर कळतं.

हे गाणं लिहिलं ग्रेचन पीटर्स हिनं. 'माय बेबी लव्हज मी'सुद्धा तिचंच. एकाच लेखणीतून आलेली संसाराची ही दोन टोकं एकाच तबकडीवर आहेत, आणि दोन्ही एकाच गळ्यातून येतात.

गोष्ट सांगणारी बाई आता मोठी आहे, पण सांगते ती आठ वर्षांची असतानाच्या उन्हाळ्याबद्दल. सकाळी आई तशी बरी दिसत होती, जरा काळजीत, जरा थकलेली. बाप पुन्हा प्यायला लागलाय हे आई लपवू बघत होती, पण त्यानं पुरावा तिच्या गालावर ठेवला होता. घरात आपली अडचणच होते असं त्या पोरीला वाटायचं, म्हणून ती एकटीच गावातल्या जत्रेला निघून गेली. तारीख चार जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. गाव लहान होतं, माणूस धोक्याचा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. काही कुजबुजले, काही उघड बोलले, आणि सगळ्यांनी तोंड फिरवलं. वेळ संपली तेव्हा आसपास कुणीच नव्हतं. त्या दिवशी आईनं घर पेटवलं. अग्निशमनवाले आले, त्यांनी आग विझवली, काही नावं लिहून घेतली आणि पोरीला सरकारी अनाथालयात पाठवलं.

एवढंच आहे, आणि साडेतीन मिनिटांच्या आत आहे.

अख्ख्या गाण्यात 'मारलं' हा शब्द येत नाही. गालावरचा पुरावा येतो. सकाळचं वर्णन करताना पीटर्सनं जे शब्द वापरलेत ते थेट अमेरिकेच्या राष्ट्रगीताच्या पहिल्या ओळीतले आहेत, त्यामुळे ज्या उजेडात तिकडे झेंडा फडकताना दिसतो त्याच उजेडात इकडे आईचा गाल दिसतो. ध्रुवपदात स्वातंत्र्याचा घोष आहे, पांढरं कबूतर आहे, हिशेबाचा दिवस आहे, आणि 'धोंडा बाजूला सारा' अशी एक हाक आहे. इथल्या चर्चमध्ये वाढलेल्या कुणालाही ती हाक ऐकताच येशूच्या थडग्यावरचा धोंडा आठवतो. राष्ट्र आणि धर्म हे या मुलखातले दोन सगळ्यात पवित्र शब्दसाठे. पीटर्सनं ते दोन्ही उचलून एका मार खाणाऱ्या बाईच्या पदरात टाकले आहेत. मला हे धाडस फार मोठं वाटतं.

मी इथे एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात नर्स आहे, चौदा वर्षं झाली. शिक्षण मिरजेला झालं, राहते मर्फ्रीसबरोला. आय-चोवीस या महामार्गावरून रोज पस्तीस मैल जायचं आणि पस्तीस मैल यायचं, त्यामुळे गाणी माझी गाडीतच ऐकून होतात. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पेशंटला एक प्रश्न विचारायचाच असतो: 'घरी तुम्हाला सुरक्षित वाटतं का?' संगणकावर त्याचा चौकोन आहे, तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. ताप, ॲलर्जी, शेवटचं जेवण कधी केलं, आणि त्याच दमात हे. बहुतेक बाया 'हो' म्हणतात. माझी नजर तेव्हा त्यांच्या हाताकडे असते. पडताना माणूस तळहात टेकतो आणि मनगट मोडतं. तोंड वाचवायला हात आडवा धरला की घाव कोपर आणि मनगटाच्या मधल्या हाडावर, करंगळीच्या बाजूला बसतो. पायरीवरून पडलेली बाई आणि हात आडवा धरलेली बाई एक्स-रेवर बहुतेक वेळा वेगळ्या दिसतात. गालावरचा पुरावा ही ओळ मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा गाडी पुढच्या एक्झिटला बाहेर काढून पेट्रोल पंपावर थांबवली होती.

त्याचं कारण फक्त नोकरी नव्हतं.

आम्ही इचलकरंजीला एका मागवाल्याच्या चाळीत राहायचो. सहा खोल्या, समोर शेड, शेडमध्ये चोवीस माग, दिवसरात्र खडखडाट. शेजारच्या खोलीत वैनी राहायच्या. नात्यातल्या नव्हेत, सगळी चाळच त्यांना वैनी म्हणायची. कांड्या भरायला जायच्या. नवरा दुसऱ्या पाळीवरून पिऊन यायचा. माग चालू असले की काही ऐकू येत नसे. वीज गेली की माग एकदम थांबायचे आणि भिंतीपलीकडचं सगळं लख्ख ऐकू यायचं. त्या वेळी चाळीत कुणी बोलत नसे. वीज आली, खडखडाट सुरू झाला, की सगळे पुन्हा ताटाकडे वळायचे. एकदा मी आईला म्हटलं, "आई, जा की गं, बघ की." आई भाकरी थापत होती. म्हणाली, "त्यांच्या घरातलं हाय ते. आपण मधी पडलो तर उद्या तिलाच जास्त बसंल." आईचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे मला माझ्या कामातून आता कळलंय. पण सहा खोल्यांतली बारा मोठी माणसं एकदम त्या दारात उभी राहिली असती तर काय झालं असतं, हे मी अजून स्वतःला विचारते.

मी तिसरीत होते. शाळेतून आले तर चाळीपुढे पोलीस. स्टोव्हचा भडका उडाला, असं सगळे सांगत होते. त्या काळी हे वाक्य पेपरात इतक्यांदा यायचं की कुणी त्यावर थांबतही नसे. हवालदार पंचनाम्यासाठी नावं लिहून घेत होता. प्रत्येकानं स्टोव्हच सांगितला, माझ्या वडिलांनीही. वैनी सरकारी दवाखान्यात चौथ्या दिवशी गेल्या. त्यांची मुलगी माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर बसायची. तिचा मामा आला आणि तिला आजोळी घेऊन गेला. पुन्हा आमची भेट नाही.

तिकडे आग बाईनं लावली आणि इकडे ती कुणी लावली हे मला आजही ठाऊक नाही, पण नावं लिहून घेणारा माणूस आणि हातात पिशवी धरून उभी असलेली पोर, ही दोन्ही या गाण्यात जशीच्या तशी आहेत. म्हणून मला वाटतं की हे गाणं मारणाऱ्या नवऱ्याबद्दल जितकं आहे त्याहून जास्त गावाबद्दल आहे. बापाला त्यात नाव नाही, चेहरा नाही, तो का पितो याचं कारण नाही. हे पीटर्सनं फार योग्य केलं. त्याच्या कारणांची चर्चा आपल्याकडे आणि इथेही भरपूर होते. ज्यांनी तोंड फिरवलं त्यांची होत नाही.

शेवटाबद्दल लोक वाद घालतात. आई जगली का? गाणं सांगत नाही. पोर अनाथालयात गेली, एवढ्यावरून काय ते समजायचं. सांगणारी म्हणते की हे चूक का बरोबर ते मी सांगत नाही, पण कदाचित तेवढा एकच मार्ग उरला होता. मला ही ओळ ऐकताना आजही त्रास होतो. माझ्या कामात मला रोज दुसरे मार्ग सांगावे लागतात: निवारागृह, कोर्टाचा संरक्षण आदेश, चोवीस तासांचा फोन. बाई घर सोडायला निघते तो काळ तिच्यासाठी सगळ्यात धोक्याचा असतो, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात आणि आम्ही ते पाहतोही. पण आठ वर्षांच्या पोरीला यातलं काय दिसणार? तिला दिसलं ते तिनं सांगितलं. बाईनं आग लावावी असं हे गाणं सांगतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी गाव तोंड फिरवतं त्या ओळी पुन्हा ऐकाव्यात.

रेडिओवाल्यांनाही ते झेपलं नव्हतं. मे १९९४ मध्ये हे गाणं रेडिओसाठी काढलं तेव्हा काही केंद्रांनी ते लावायला नकार दिला आणि ते बाराव्या क्रमांकाच्या वर गेलंच नाही. त्याच जूनमध्ये फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनची घटस्फोटित बायको निकोल ब्राउन सिम्पसन हिचा खून झाला आणि तिनं आधी पोलिसांना केलेल्या फोनचं ध्वनिमुद्रण टीव्हीवरून घराघरात ऐकू आलं. १३ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष क्लिंटननं महिलांवरील हिंसेविरुद्धच्या कायद्यावर सही केली. कंट्री म्युझिक असोसिएशननं त्या वर्षी गाण्याच्या व्हिडिओला वर्षातला सर्वोत्तम ठरवलं आणि १९९५ मध्ये पीटर्सला वर्षातल्या गाण्याचा मान दिला. ते गाणं बाराव्या क्रमांकावर का अडकलं हे आज कुणाच्या लक्षातही नाही.

मात्र एक गोष्ट मला फार लागते. इथे चार जुलैला हे गाणं बागेत, आतषबाजीच्या आधी लावतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही चटई टाकून बसलो होतो. लाउडस्पीकरवर ध्रुवपद सुरू झालं, लोक उभे राहिले, लहान मुलं छोटे झेंडे हलवायला लागली, आणि शेवटचं कडवं यायच्या आत कुणीतरी आवाज कमी करून पुढचं गाणं लावलं. घर पेटलंच नाही, पोर अनाथालयात गेलीच नाही. २००८ च्या निवडणुकीत उपराष्ट्राध्यक्षपदाच्या रिपब्लिकन उमेदवार, गर्भपाताच्या विरोधक सेरा पेलिनच्या प्रचारात हे गाणं वापरलं तेव्हा पीटर्सनं त्या काळातलं आपलं मानधन पेलिनच्या नावानं प्लॅन्ड पेरेंटहुड या गर्भपाताचीही सेवा देणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. राजकारणातली बाजू कुणाची बरोबर हा इथे विषय नाही. आपल्या गाण्यातली आई कुणी पुसून टाकू नये असं लिहिणारीला वाटणं मला पटतं.

या गाण्याच्या मागे जुनी परंपरा आहे. माझ्याबरोबर रात्रपाळी करणाऱ्या, केंटकीच्या डोंगरातून आलेल्या एका वयस्कर नर्सनं मला ती सांगितली. तिच्या आजीच्या तोंडी 'नॉक्सव्हिल गर्ल' असायचं. लूव्हिन ब्रदर्सनी ते १९५६ च्या अल्बममध्ये गायलंय, मूळ त्याहून खूप जुनं, इंग्लंडातून आलेलं. त्यात प्रियकर मुलीला नदीकाठी मारतो आणि गोष्ट तोच सांगतो, गोड सुरात, दोन भावांच्या जुळलेल्या आवाजांत. मुलगी फक्त विनवणी करते आणि मरते. "आम्ही हे पाळण्याशी म्हणायचो," ती म्हणाली, आणि बराच वेळ गप्प राहिली. १९९१ मध्ये गार्थ ब्रूक्सनं 'द थंडर रोल्स'च्या व्हिडिओत नवरा बायकोला मारताना दाखवला, तर कंट्रीच्या दोन मोठ्या वाहिन्यांनी तो दाखवणंच बंद केलं. हे सगळं डोक्यात ठेवलं म्हणजे 'इंडिपेंडन्स डे'नं सांगणारा बदलला याची किंमत कळते. मारणाऱ्याच्या तोंडची गोष्ट मारलेल्या बाईच्या मुलीच्या तोंडी गेली.

ही सीडी आवडली तर पुढे डिक्सी चिक्स या तीन बायकांच्या कंट्री बँडचा १९९९ चा 'फ्लाय' घ्या (२०२० पासून त्यांचं नाव नुसतं 'द चिक्स' आहे). त्यातलं डेनिस लिंडेनं लिहिलेलं 'गुडबाय अर्ल' हे याचं भावंड. वांडा आणि मेरी ॲन शाळेपासूनच्या जिवलग मैत्रिणी. एक गावाबाहेर पडते, दुसरीच्या वाट्याला अर्ल येतो. लग्नाला दोन आठवडे होत नाहीत तोच मारहाण सुरू. वांडा काळा चष्मा, लांब बाह्या आणि मेकअपखाली वळ झाकते. लांब बाह्या! टेनेसीच्या ऑगस्टमध्ये लांब बाह्यांची बाई आली की आम्ही नर्सा एकमेकींकडे बघतो. पुढे ती घटस्फोटाचा अर्ज करते, कोर्टाचा आदेश मिळवते, आणि अर्ल तो आदेश पायदळी तुडवून आत येतो. वांडा अतिदक्षता विभागात. मेरी ॲन अटलांटाहून मध्यरात्रीचं विमान पकडून येते आणि दोघी मिळून अर्लच्या जेवणात विष घालतात. चाल नाचरी, लोक हसत-टाळ्या वाजवत गातात. माझ्या मुलीला ते फार आवडतं. मला त्यातली मेरी ॲन आवडते, विष घालणारी नव्हे, विमान पकडणारी. पण कुणाच्या मरणावर टाळ्या वाजवताना माझे हात अडखळतात, हेही सांगते. कागदावरचा कोर्टाचा आदेश दार अडवत नाही, हे मात्र त्या गाण्याइतकं स्वच्छ मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

मार्टिनाचंच १९९७ चं 'अ ब्रोकन विंग' वेगळ्या छळाचं आहे. हात न लावता, बोलून बोलून बायकोची उमेद मारणारा नवरा. शेवटी खोलीत उघडी खिडकी, हलणारा पडदा आणि चिठ्ठी. आवाजासाठी हेच तिचं सर्वोत्तम, असं माझं मत. गोष्टीसाठी नाही, कारण उघड्या खिडकीला लेखकांनी जरा जास्तच सुंदर केलंय.

माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. सासरचा जाच त्यातही होता, पण तो ती जात्याला सांगायची आणि वाट भावाची बघायची. भाऊ घोड्यावर येईल, माहेरी नेईल. एकामागून एक ओवी त्या वाटेकडे डोळे लावून. या सीडीतलं गाणं ऐकताना मला कायम तेच आठवतं, कोण येतंय. ओवीत भाऊ यायचा असतो. 'गुडबाय अर्ल'मध्ये मैत्रीण येते. 'इंडिपेंडन्स डे'मध्ये आग विझवणारे येतात. वैनींचा भाऊ आला तो चौथ्या दिवशी, भाचीला न्यायला.

सीडी घ्यायची तर पुस्तिका असलेलीच घ्या. डाग असला तरी चालेल, पण शब्द समोर ठेवून एकदा ऐका. नुसतं ऐकलं तर ध्रुवपद इतकं मोठं वाटतं की कडवी मागे पडतात. इंग्रजी उच्चार इथल्या मुलखाचे आहेत, पहिल्यांदा थोडं जड जाईल. घरात लहान मुलं असतील तर गाणं लावण्याआधी स्वतः ऐका आणि मग ठरवा. मी माझ्या मुलीला ती दहाची झाल्यावर ऐकवलं. तिनं एकच विचारलं, जत्रेत त्या मुलीला कुणी विचारलं नाही का, तुझी आई कुठे आहे म्हणून?

त्यानंतरच्या पाळीपासून मी एक बदल केलाय. सोबत आलेल्या नवऱ्याला आधी विम्याच्या कागदांसाठी खिडकीवर पाठवते. मग पडदा ओढते, संगणकाचा पडदा बाजूला वळवते, कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवते, आणि स्टुलावर बसून तिच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन तो प्रश्न विचारते. चौकोन नंतर भरते.